पांढरी एकमधले पाच महिने

९ जून २०२४, रविवार. कॅलिफोर्नियात, बर्कलीतल्या एका वाद्यांच्या दुकानात मुलीच्या व्हायोलिनची तार घ्यायला गेले होते. काउंटरशेजारच्या फळ्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: अमेरिकन रचनाकार टेरी रायलीच्या 'इन सी' या रचनेला नोव्हेंबरात साठ वर्षं होतायत, वाजवणारे हवेत, वाद्य कुठलंही चालेल, मानधन नाही. 'कुठलंही'खाली दोन रेघा मारलेल्या. मी चिठ्ठीचा फोटो काढला, घरी आले आणि दहा दिवस काहीच केलं नाही.

माझ्याकडे पेटी आहे. २०११ साली मिरजेहून विमानातून आलेली, दोन सुरांची, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक स्वराला दोन पात्या, नराची आणि एक सप्तक खालची खर्जाची. मंडळाचं भजन, गणपतीच्या आरत्या, कुणाकडे सत्यनारायण असला की त्यानंतरची दोन-चार गाणी, अशी माझी साथीची कारकीर्द. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नव्हतं. अमेरिकन प्रायोगिक संगीत म्हटलं की मला एकच गोष्ट माहीत होती, जी सगळ्यांनाच माहीत असते: १९५२ साली वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि जॉन केजची रचना म्हणून साडेचार मिनिटं त्यानं एकही स्वर वाजवला नाही. त्यावर आमच्या घरी हसून झालेलं होतं.

हे सगळं तपशिलात लिहितेय, कारण आपल्याकडे पेटी, तबला, बासरी वाजवणारे पुष्कळ जण इकडे येऊन राहिलेत आणि अशा चिठ्ठीचा नुसता फोटो काढून ठेवतात.

१९ जूनला शेवटी ईमेल पाठवली. उत्तर तासाभरात आलं. संयोजिका निवृत्त शिक्षिका, बासून हे लांब लाकडी फुंकवाद्य वाजवणारी. तिनं एवढंच विचारलं की पेटीत सी स्वर आहे ना. आता हा प्रश्न पेटीवाल्याला विचारावा! आपल्याकडे गाणारा यायच्या आधी पेटीवाला 'कुठली पट्टी?' म्हणून विचारतो, कुणी काळी एक सांगतं, कुणी काळी चार. सी म्हणजे आपली पांढरी एक. मी लिहिलं, 'आहे, आणि तो कधीच दमत नाही.' त्यावर तिनं कळवलं की ४ नोव्हेंबर १९६४ ला सॅन फ्रान्सिस्कोत 'इन सी' पहिल्यांदा वाजलं तेव्हा पॉलीन ऑलिव्हेरोस ही रचनाकार त्यात अकॉर्डियन घेऊन बसली होती. अकॉर्डियनमध्येही भाता आणि धातूच्या पात्याच. म्हणजे आमच्या जातीचं वाद्य त्या बैठकीत पहिल्या दिवसापासून होतं. मला एवढं कारण पुरलं.

'इन सी'ची संहिता एका पानाची आहे. त्यावर ५३ छोटे तुकडे, सोबत सूचनांचं पत्रक. प्रत्येक वाजवणाऱ्याला तेच पान. पहिला तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा, वाटलं की दुसऱ्यावर जायचं, तिथून तिसऱ्यावर, असं ५३पर्यंत. कोण किती वेळा वाजवणार, हे कुणीच ठरवत नाही. पियानोवर वरचा सी अर्ध्या अर्ध्या मात्रेनं सतत वाजत राहतो, त्याला पल्स म्हणतात. ही युक्ती स्टीव्ह राइक या रचनाकारानं सुचवलेली, तोही त्या पहिल्या प्रयोगात होता. माणसं किती हवीत? साधारण पस्तीस असली तर उत्तम, कमी-जास्त चालतील. वेळ पाऊण तास ते दीड तास. आम्ही चौदा जण होतो.

पान हातात आलं तेव्हा आधी मला ते फसवं सोपं वाटलं. दोन संध्याकाळी बसून मी सगळं भातखंडे पद्धतीनं, आपल्या सा-रे-ग-मध्ये, उतरवून काढलं, पिवळ्या कागदावर, मात्रांच्या खुणांसह. (कुणाला करायचं असेल तर एक सांगते: चौकोनी रकान्यांची वही घ्या, एक रकाना म्हणजे पाव मात्रा. साध्या कागदावर लांबी डोळ्याला दिसत नाही आणि इथे सगळी गंमत लांबीची आहे.) पहिल्याच तुकड्यात 'ग'ला 'सा'चा कणस्वर, म्हणजे ओझरता स्पर्श, तीन वेळा. कणस्वर! मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. काळ्या पट्ट्या सगळ्या रचनेत दोनच लागतात. चौदाव्या तुकड्यात पहिल्यांदा तीव्र मध्यम येतो आणि अगदी शेवटाकडे कोमल निषाद हक्कानं बसतो. पांढरी एक न सोडता यमनच्या अंगणातून खमाजच्या ओसरीवर.

आईला फोनवर सांगितलं. आई मिरजेला असते.

"गाणार कोण आहे?"

"कुणी नाही गाणार, आई."

"मग साथ कुणाची करणार तू?"

"सगळे सगळ्यांची."

"असं कुठं असतं होय गं," म्हणाली आणि शेजारच्या काकूंच्या गुडघ्याकडे वळली.

तिचा प्रश्न मला पुढे चार महिने पुरला.

१४ जुलैला पहिली तालीम, संयोजिकेच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या. दोन क्लॅरिनेट, बासून, बासरी, ट्रॉम्बोन, तीन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, व्हायब्राफोन, गिटार, पियानो आणि मी. मी मांडी घालून बसू की खुर्चीवर, इथपासून प्रश्न. शेवटी पेटी एका कमी उंचीच्या टेबलावर ठेवली, खाली रबरी चटई. टेबलावर पेटी ठेवली की भात्याच्या प्रत्येक दाबानं ती तसूभर मागे सरकते, हे आधीच माहीत असेल तर चटई घरून न्या.

पल्स सुरू झाला. मी 'सा-ग' सुरू केलं आणि दोन मिनिटांत हरवले. कारण सांगते. मला समेची सवय. तबलजी कितीही लांब फिरून आला तरी एक जागा अशी असते की तिथे सगळे भेटतात. इथे ती जागाच नाही. पहिला तुकडा तीन मात्रांचा, दुसरा दोन मात्रांचा, सहावा म्हणजे नुसता आठ मात्रांचा लांब सा. माझं आवर्तन माझ्यापुरतं, शेजारच्याचं त्याच्यापुरतं, आणि दोघांमध्ये सामाईक काय तर फक्त तो टिक-टिक सी. मी सम शोधत होते आणि ती न मिळाल्यानं घाबरून पुढच्या तुकड्यावर उडी मारत होते. बाकीचे सहाव्यावर असताना मी अकराव्यावर पोचले. सूचनेत स्पष्ट लिहिलंय की एकमेकांपासून दोन-तीन तुकड्यांपेक्षा लांब जाऊ नका. कुणी काही बोललं नाही. घरी येताना गाडीत नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वेळी जाणार नाही. तो म्हणाला, पेटी मागच्या सीटवर आहे, ती उतरवायला मदत हवी का आत्ता.

२८ जुलैला गेले. ११ ऑगस्टलाही गेले. या तिसऱ्या तालमीत संयोजिकेनं मला थांबवलं. तोवर मी एक शहाणपणा शिकले होते: शेजारचा क्लॅरिनेट जे वाजवेल ते ऐकायचं आणि अर्ध्या मात्रेनं मागून तेच वाजवायचं. साथीच्या पेटीला हे अंगवळणी असतं. गायकानं तान घेतली की तिची सावली धरायची. ती म्हणाली, "तू नेहमी त्याच्या मागून का येतेस?" मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मागून यायला हरकत नाही, रचनेत ती मुभा आहे. पण ठरवून ये, सवयीनं येऊ नकोस."

हे वाक्य मी पिवळ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मराठीत लिहून ठेवलं.

त्याच दिवशी चहाच्या वेळी व्हायब्राफोनवाल्यानं मला विचारलं की हा रागच आहे ना, रायली तर भारतीय संगीत शिकलेला. मला सगळ्यांसमोर 'हो' म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला १९७० मध्ये आणि 'इन सी' त्याच्या सहा वर्षं आधीचं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सलूनमध्ये तो रॅगटाइम पियानो वाजवायचा आणि कामावर जाताना बसमध्ये त्याला ही सुरुवात सुचली, असं त्यानंच सांगितलेलं आहे. तेव्हा राग नाही. प्राणनाथ मात्र किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ते इथेच ओकलंडला मिल्स कॉलेजात शिकवत आणि १९९६ मध्ये बर्कलीत गेले. किराण्याचे दुसरे मोठे खाँसाहेब, अब्दुल करीम, त्यांची समाधी आमच्या मिरजेच्या दर्ग्यात. लहानपणी तिथल्या उत्सवात आजीच्या मांडीवर झोपून मी अर्धं घराणं ऐकलंय. हे सांगितल्यावर मंडळी गप्प झाली आणि मला उगाच अपराधी वाटलं, कारण घराणं ऐकलं झोपेत आणि हातात अजून अकरावा तुकडाही नीट बसत नव्हता.

ऑगस्टच्या अखेरीस पेटीचा खरा प्रश्न उघडा पडला. पियानो ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेला. माझी पेटी फोनवरच्या ट्यूनरवर बघितली तर पाच ते नऊ सेंट चढी (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). भजनात कुणाला कळतही नाही. पण इथे एकच सी सतत वाजतोय, त्यावर माझा सा आला की सेकंदाला दोनदा 'वांव-वांव' असं डुलायला लागायचं. बाकीचे बहुतेक जण आपलं वाद्य वर-खाली करू शकतात, पियानो आणि पेटी नाही, आणि पियानो अर्थातच चढणार नव्हता.

इकडे पेटी लावून देणारा कोणी जवळपास सापडला नाही. मिरजेच्या पेटीवाल्या काकांना फोन केला. इथले रात्रीचे आठ म्हणजे तिथले सकाळचे साडेआठ, दुकान उघडायच्या आधी. त्यांनी व्हिडिओवर सगळं करून घेतलं. वरची फळी काढायची. स्वराच्या पितळी पातीखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे पाती वर राहते. सूर उतरवायचा असेल तर पातीच्या मुळाशी खरवडायचं, चढवायचा असेल तर टोकाशी. दोन घासा द्यायच्या, कार्ड काढायचं, वाजवून बघायचं. "घाई करायची नाही ताई. घासलेलं पितळ परत येत नाही." तीन रात्री लागल्या. मधलं सप्तक आणि त्याच्या आजूबाजूचे लागणारे स्वर तेवढे लावले, बाकीचे तसेच ठेवले.

तिसऱ्या रात्री, साडेदहाच्या सुमारास, मधल्या 'ग'ची नराची पाती तुटली. टिच् असा आवाज आला एवढंच. काका स्क्रीनवर काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, खर्ज शाबूत आहे ना, मग वाजेल, एक सप्तक खालून वाजेल. म्हणजे माझ्या पेटीत सगळे स्वर दुहेरी आणि ग एकटा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. आणि पहिला तुकडा म्हणजे नुसता ग!

संयोजिकेला कळवलं. तिनं सूचनापत्रकातली ओळ दाखवली: तुकडे एक सप्तक वर-खाली नेले तरी चालतं. 'विशेषतः वर' असं पुढे लिहिलंय, ते आम्ही दोघींनी वाचलं नाही असं ठरवलं. आणखी एक ओळ मला फार आवडली: एखादा तुकडा वाजवता येत नसेल तर सोडा आणि पुढे जा. आमच्या गुरुजींनी हे वाक्य ऐकलं असतं तर!

आता कागदपत्रं. मी चौदांपैकी सगळ्यांत नवी, त्यामुळे 'मला काही काम द्या' असं म्हणून बसले आणि हॉल माझ्याकडे आला.

एका चर्चचा हॉल ठरला, ऐंशी खुर्च्या, बरा पियानो. भाडं तासाला ९५ डॉलर, किमान पाच तास. अनामत ३०० डॉलर वेगळी. अर्ज सहा पानी. त्यात 'ध्वनीची कमाल पातळी' असा रकाना होता. आमच्या कार्यक्रमात 'इन सी'च्या आधी जेम्स टेनी या रचनाकाराची तॅमतॅमवरची (टांगलेल्या मोठ्या धातूच्या थाळीवरची) एक रचना होती, जिची संहिता एका पोस्टकार्डावर मावते: एकच स्वर, ऐकू येईल न येईल इथून सुरू होऊन कानठळ्या बसेपर्यंत वाढत जातो आणि परत शांततेत उतरतो. बस. त्या रकान्यात काय लिहू? मी 'बहुतांश मध्यम' लिहिलं.

मग विमा. हॉलला दहा लाख डॉलरचं एक दिवसाचं प्रमाणपत्र हवं होतं, त्यात त्यांचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. ऑनलाइन वीस मिनिटांत मिळालं, १३८ डॉलर. पाठवलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: नाव चुकलंय. पाटीवर असलेलं चर्चचं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं निघालं. दुरुस्त करून पाठवलं. पुन्हा आठ दिवस. यावेळी तारीख बरोबर, नाव बरोबर, पण पत्त्यात हॉलऐवजी कार्यालयाचं दार हवं होतं. तिसऱ्यांदा मी पाठवायच्या आधी फोन केला आणि अक्षरं एकेक करून वाचून घेतली. पहिल्या दिवशीच फोन केला असता तर सतरा दिवस वाचले असते.

संगीताचा परवाना हा निराळा प्रकार. हॉलकडे होता तो प्रार्थनेपुरता. अमेरिकेत प्रवेशमूल्य नसेल आणि वाजवणारे-भरवणारे कुणालाच पैसे मिळत नसतील तर कायद्यात सूट आहे. आम्ही दाराशी पंधरा डॉलर घेणार होतो, त्यामुळे सूट गेली. रचनाकारांचे हक्क मुख्यतः आस्कॅप आणि बीएमआय या दोन संस्थांकडे असतात, आणि कुठली रचना कुणाकडे हे त्यांच्या संकेतस्थळांवर शोधता येतं. आधी शोधा, मग अर्ज करा; उलट केलं की दोनदा अर्ज करावा लागतो. आम्हाला एकूण ९२ डॉलर पडले.

आणि एक गोष्ट सप्टेंबरात कळली. हा हॉल निवडणुकीचं मतदान केंद्र होता. ५ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक, त्यामुळे ६ तारखेपर्यंत आत पाऊल नाही. कार्यक्रम शनिवारी ९ नोव्हेंबरला. म्हणजे खऱ्या जागेत तालीम एकच, शुक्रवारी संध्याकाळी. योगायोग असा की १९६४ चा पहिला प्रयोगही अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीच झालेला.

सप्टेंबर कसा गेला आठवत नाही. ८ तारखेची तालीम गणपतीमुळे बुडाली. मंडळात आरतीला तीच पेटी घेऊन बसले आणि मधलं सप्तक उतरवलेलं, वरचं चढं, अशी अवस्था. 'युगे अठ्ठावीस' चालू असताना तबल्यावर बसलेल्या दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर प्रसाद घेताना म्हणाले, पेटीला हवा मानवत नाही वाटतं इकडची.

२२ सप्टेंबरला मात्र काहीतरी बदललं. सूचनांत असं आहे की अधूनमधून थांबा आणि ऐका. मी आजवर ते थकलेल्यांसाठी आहे असं समजत होते. त्या दिवशी भात्याचा हात खरंच दुखत होता म्हणून विसाव्या तुकड्याच्या आसपास थांबले. भाता मिटला. आणि थांबल्यावर ऐकू आलं की चेलो आणि व्हायोला वेगवेगळ्या तुकड्यांवर असूनही दोघांच्या मधून एक तिसरीच चाल चाललीय, जी कुणीच वाजवत नाहीये. मी तिच्यात एक लांब स्वर ठेवला. व्हायोलावाल्या मुलीनं मान न वळवता भुवई उचलली.

त्यानंतर सम आठवली नाही. म्हणजे आठवली, पण तिचा राग येणं थांबलं.

३ नोव्हेंबरला भाऊबीज आणि शेवटची गॅरेज तालीम एकाच दिवशी. चकल्या आणि बेसनाचे लाडू नेले. त्या पहाटे इथली घड्याळं एक तास मागे झालेली; ट्रॉम्बोनवाले काका घड्याळ न बदलता तासभर आधी येऊन दारात बसले होते आणि बाकीचे येईपर्यंत अर्धा डबा रिकामा. टीप द्यायचीच तर ही: फुंकून वाजवणाऱ्यांना तालमीच्या आधी चकली देऊ नये.

४ नोव्हेंबर, सोमवार, बरोबर साठ वर्षं. आम्ही तिघी सुट्टी टाकून सॅन फ्रान्सिस्कोला गेलो, २४ नंबरच्या बसनं डिव्हिसाडेरो रस्त्यावर ३२१ क्रमांकासमोर उतरलो. 'इन सी' पहिल्यांदा जिथे वाजलं ते टेप म्युझिक सेंटर इथे होतं. १९६६ मध्ये ते ओकलंडला मिल्समध्ये हललं. फुटपाथवर पाच मिनिटं उभ्या राहिलो. बघायला काही नव्हतं. बासरीवालीनं पहिला तुकडा शिट्टीवर वाजवला, एका कुत्र्यानं थांबून ऐकला, आम्ही कॉफी प्यायला गेलो.

शुक्रवारी हॉल उघडला तेव्हा जमिनीवर मतदानाच्या रांगांच्या निळ्या पट्ट्या तशाच होत्या. पियानो लावणारा दुपारी येऊन गेला होता, १८५ डॉलर. पेटीचा सा आणि पियानोचा सी एकदम वाजवले. डुलला नाही. मी परत एकदा वाजवून बघितलं, आणि मग आणखी एकदा.

शनिवारी ७१ माणसं आली. सुरुवात ऑलिव्हेरोसच्या 'ट्यूनिंग मेडिटेशन'नं, ज्यात प्रेक्षकच गातात. एका श्वासात मनात येईल तो स्वर, पुढच्या श्वासात दूरच्या कुणाचा तरी स्वर जसाच्या तसा, त्याच्या पुढच्यात कुणीच गात नसलेला स्वर. मंडळातल्या दोघी आल्या होत्या, त्यांतली एक 'मला गाता येत नाही' म्हणून आरतीतही ओठच हलवते. इथे कुणीच गात नसलेला स्वर तिला फार सहज सापडत होता. मग तॅमतॅम. सर्वांत मोठ्या क्षणी खिडकीची काच थरथरली आणि मला अर्जातला तो रकाना आठवला.

मध्यंतरानंतर आम्ही बसलो. हात गार. पल्स सुरू झाला, पहिल्यांदा एकटाच, बराच वेळ. मी ठरवलं होतं की आधी वाजवायचं नाही. क्लॅरिनेट आला, व्हायोलिनं आली, बासून. मग मी तो विहिरीतला ग लावला. सगळ्यांच्या खाली तो एकटा होता, आणि बरा वाटत होता तिथे. चौदाव्या तुकड्याला चेलोनं पहिल्यांदा तीव्र मध्यम आणला. तालमीत दहा वेळा ऐकलेला असून पाठीवर काटा आला. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे उघडले. पस्तिसावा, सगळ्यांत लांब तुकडा, आला तेव्हा मी चक्क चार मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. पूर्वी मला वाटलं असतं, लोक म्हणतील ही विसरली.

शेवट असा असतो की ५३ वर पोचलेले तिथेच थांबतात, सगळे आले की दोन-तीनदा आवाज चढतो, उतरतो आणि एकेक जण गळतो. कोमल नी, प, कोमल नी, प. माझ्या उजवीकडची खुर्ची शांत झाली, मग समोरची. मला वाटलं आणखी दोघं आहेत, म्हणून वाजवत राहिले, आणि मान वर केली तर पियानोवाली माझ्याकडे बघत होती. ती आणि मी, दोघीच. आठ-दहा वेळा वाजवून मी भाता मिटला. तिचा सी आणखी थोडा चालला. ५८ मिनिटं झाली होती. हिशेब केला तर तिनं आणि मधे तिला सोडवणाऱ्या गिटारवाल्यानं मिळून तो सी बारा-तेरा हजार वेळा वाजवला असेल. त्या दोघांची मनगटं बर्फात बुडवून ठेवली होती मागच्या खोलीत.

खर्च सांगते: हॉल ४७५, विमा १३८, पियानो १८५, तॅमतॅमचं भाडं ६०, परवाना ९२, संहितेच्या प्रती ११०. एकूण १०६० डॉलर. दारात जमले ८१२. तूट २४८, माणशी १७ डॉलर ७१ सेंट. अनामत २७ नोव्हेंबरला परत आली, २५ डॉलर कापून, कारण जमिनीवर चिकटपट्टीचे डाग. त्या पट्ट्या मतदानाच्या होत्या हे मी दोनदा लिहून कळवलं. आत शिरताना जमिनीचे फोटो काढले असते तर वाद मिटला असता, तेव्हा फोटो काढा.

ध्वनिमुद्रण आईला पाठवलं. मला वाटलं पाच मिनिटं ऐकेल. तिनं दोन दुपारी बसून सगळं ऐकलं आणि फोन केला. चांगलं झालं म्हणाली नाही, वाईटही नाही.

"पहिल्या मिनिटालाच पेटीचा ग खर्जात का जातोय?"

"नराची पाती तुटली, आई."

"तरी म्हटलं. बाकीचे स्वर जोडीनं येतात आणि हा एकटाच."

जानेवारीत मिरजेला जातेय. काकांकडून आणायचं ते कागदावर लिहून ठेवलंय: नराची पाती, पालिताण्याची, पांढरी एकचा ग, आणि असला तर एक जास्तीचा.